जपानच्या बाजारात घेतलेल्या जुन्या निळ्या-पांढऱ्या ताटल्या: हाताने रंगवलेल्या की छापलेल्या?

पोहे_विथ_चहा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं जपानात आहोत, ओसाका आणि क्योतोच्या अधेमधे. क्योतोला तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, कोबो-सान म्हणतात त्याला. अगदी आपल्या जत्रेसारखं, एकीकडे लोणची, रोपं, जुने किमोनो आणि एकीकडे ताडपत्रीवर जुन्या भांड्यांचे ढीग. गेल्या महिन्यात त्या ढिगात हात घातला आणि पाच ताटल्या घेऊन आले, ५०० येनला एक. मी सहा मागत होते तर विकणारे आजोबा हसायला लागले, म्हणे सेट पाचाचाच असतो. आपला अर्धा डझन, यांचे पाच.

ताटली साधारण १५ सेंमी, थोडी खोलगट, कडेला नागमोडी. पांढऱ्यावर निळं, तीन खिडक्यांमध्ये पाइन, बांबू आणि प्लमचं फूल, बाकी सगळीकडे बारीक वेलबुट्टी. निळा रंग एकदम भडक, आपल्या नीळ घातलेल्या पाण्यासारखा. एका ठिकाणी वेल वेलीवर चढलाय, एका ठिकाणी मधेच तुटलाय, आणि आत मध्यभागी पाच खडबडीत ठिपके आहेत ते बोटाला लागतात. शिवाय १०० येनला एक छोटा सरळसोट पेला घेतला, त्याला टवका उडालाय, पण बुडाला चार चिनी अक्षरं आहेत. फोटो टाकलेत, शेवटचा हलला आहे, सॉरी.

तर या हाताने रंगवलेल्या आहेत का, किती जुन्या असतील, आणि यात जेवता येतं का? नवरा म्हणतो भंगार घरात आणलंस.

गंधाली_प

कसला गोड निळा आहे!! यात श्रीखंड काय दिसेल. वाचनखूण साठवली.

टिकोजीराव

ताई, पेल्याच्या बुडाचा फोटो मोबाईलच्या ट्रान्सलेटरमध्ये टाकला, 'ग्रेट मिंग' असं काहीतरी आलं. मिंग म्हणजे चीनचं ते घराणं ना? मिंगच्या वस्तू लिलावात कोटींना जातात. कोणाला सांगू नका, गुपचूप कपाटात ठेवा. नवऱ्याला तर अजिबात सांगू नका.

ठिकरीबहाद्दर

टिकोजीराव, थांबा, कपाटाला कुलूप लावायची गरज नाही.

मी पाच-सहा वर्षं क्युशूमध्ये होतो, कामानिमित्त सागा जिल्ह्यात वरचेवर जाणं व्हायचं आणि तिथेच हे वेड लागलं. माझ्याकडे अख्खी भांडी कमी आणि ठिकऱ्या जास्त, त्यावरून आयडी.

पेल्यावरची अक्षरं जपानी उच्चाराने 'दाइ मिन् नेन् सेइ', म्हणजे थोर मिंग काळी बनवलेलं. पण पेला जपानीच. चिनी माल भारी समजला जायचा म्हणून जपानी कारागीर स्वतःच्या भांड्यांवर बिनधास्त मिंगचं नाव टाकायचे, मिंग घराणं १६४४ मध्ये बुडाल्यावरही शे-दोनशे वर्षं. फसवणूक म्हणायची की नक्षीचाच एक भाग झाला होता हे तुम्ही ठरवा, मला दुसरं वाटतं, कारण घेणाऱ्यालाही ठाऊक असायचं. या आकाराला सोबा चोको म्हणतात. सोबा नूडल्स ज्या रश्शात बुडवून खातात त्याची वाटी, पण त्यात काहीही दिलं जायचं. ताईंच्या पेल्याचा निळा बघा, जरा करडा, मळकट, पावसाळी ढगासारखा. हा हाताने रंगवलेला आहे आणि एदो काळातला, म्हणजे १८६८ च्या आधीचा वाटतो. १०० येनला मिळाला असेल तर टवका माफ.

आता ताटल्या. या हाताने रंगवलेल्या नाहीत, छापलेल्या आहेत. जपानीत 'इनबान'.

कशावरून? आपल्याकडचा रांगोळीचा छापा आठवा. त्यात पूर्ण गोल कधी काढता येत नाही, कारण सलग गोल कापला तर मधला तुकडा खाली पडेल. म्हणून मधे मधे दांड्या ठेवाव्या लागतात आणि रेघ तुटक येते. तुमच्या ताटलीवरची फुलांची रेघ झूम करून बघा, प्रत्येक पाकळीची कड दोन-तीन ठिकाणी तुटलीय. कागदाचा छापा भांड्यावर ठेवायचा, वरून कोबाल्टच्या शाईचा ब्रश फिरवायचा, छापा उचलायचा, मग झिलईत बुडवून भट्टीत. याला कातागामी म्हणतात. कागद सपाट, ताटली खोलगट, त्यामुळे कागदाला चुण्या पडणार आणि वेल वेलीवर चढणारच.

काळ म्हणाल तर मेजी, म्हणजे एदोच्या लगेच नंतरचा, बहुतेक १८७० ते १८९० च्या दरम्यान. भडक निळ्याचंही तेच कारण. आधीचा कोबाल्ट निसर्गात मिळायचा तसा, त्यात लोखंड, मँगनीज वगैरे भेसळ असायची म्हणून रंग मऊ यायचा. १८७० मध्ये गॉटफ्रीड वागेनर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ सागा जिल्ह्यातल्या आरिता या भांड्यांच्या गावी आला, त्याने कारखान्यात शुद्ध केलेला कोबाल्ट वापरायला शिकवलं, तो स्वस्त आणि रंगाने एकदम चोख. तेव्हापासून जपानचं ताट भडक झालं. मला स्वतःला जुना करडा निळा आवडतो, पण हे म्हातारपणाचं लक्षण असू शकतं.

पाच ठिपके म्हणजे भट्टीत ताटलीवर ताटली रचताना मधे ठेवलेल्या मातीच्या टेकूंच्या खुणा. जागा वाचवायला एकावर एक. भारी मालात असं करत नसत.

पोहे_विथ_चहा

बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार दादा. पण खरं सांगू का थोडी खट्टू झाले. मला वाटलं होतं कोणीतरी खिडकीशी बसून एक एक पान रंगवलं असेल. आजोबांनी हाताने रंगवलंय असं सांगितलं नव्हतं हेही खरं, ते माझं मीच ठरवलं होतं.

नामासु-झारा की कायसं म्हणाले होते ते, तो प्रकार काय?

खडूस मांजर

थोडक्यात १८८० सालची प्लास्टिकची डिश. छापील वस्तूला 'अँटिक' म्हणून विकणं ही सगळीकडचीच कला आहे. तीनेकशे रुपयांत बोहारणीकडे यापेक्षा बरं काही आलं असतं.

ठिकरीबहाद्दर

मांजरराव, बोहारीण भांडी देते आणि जुने कपडे घेते, इथे उलट जुनी भांडी मिळालीत, तुलना चुकली :)

ताई, नामासु म्हणजे मुळा-गाजर किसून व्हिनेगरमध्ये घातलेलं, कधी त्यात कच्चा मासा. म्हणजे चक्क कोशिंबीर. नामासु-झारा ही कोशिंबिरीची ताटली, आंबट पाणी सांडू नये म्हणून खोलगट. तेव्हा श्रीखंडाआधी कोशिंबिरीचा मान.

आता 'छापील' या शब्दावर जरा बोलतो, कारण मांजररावांचा टोमणा मला झोंबला.

आरिताला पोर्सेलिन सुरू झालं १६१६ च्या सुमारास. सुरुवातीला ते सरदार-श्रीमंतांचं. नंतर चीनमध्ये मिंग पडले, गोंधळ माजला, चिनी माल बाहेर येईना, मग डच कंपनी नागासाकीत बसून जपान्यांकडे वळली. १६५९ मध्ये एकाच खेपेची ऑर्डर ५६ हजारांहून जास्त नगांची होती. हा माल आरिताचा पण जहाजात चढायचा इमारी बंदरात म्हणून जगभर नाव झालं इमारी. जसे आपले बसऱ्याचे मोती, समुद्रातून निघायचे भलतीकडे आणि नाव बाजारपेठेचं. भट्ट्या वाढल्या, माणसं वाढली. आणि मग १६८४ मध्ये चीनने आपल्या किनाऱ्यावरची व्यापारबंदी उठवली, चिनी माल परत स्वस्तात यायला लागला, आणि जपानची निर्यात हळूहळू आटली.

आता एवढ्या भट्ट्या पेटवून करायचं काय? तर घरच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. इथे हासामीवाले पुढे आले. आरिताच्या शेजारचंच गाव पण दुसऱ्या सरदाराच्या हद्दीत, ओमुरांच्या. त्यांनी ठरवलं की जाड बनवायचं, पटापट रंगवायचं आणि स्वस्त विकायचं. डोंगराच्या उतारावर एकाला एक लागून खोल्या अशी लांबलचक भट्टी बांधायची, खालच्या खोलीची आंच वरच्या खोलीला मिळते. हासामीतली सगळ्यात मोठी सुमारे १७० मीटर लांब होती. क्रिकेटच्या आठ पिचा एकापुढे एक ठेवल्या तरी तिच्यापुढे कमी पडतील. एका भट्टीत हजारोंनी वाडगे निघायचे. अठराव्या शतकात गावागावातला साधा माणूस लाकडाच्या वाडग्यातून पोर्सेलिनच्या वाडग्यावर आला तो यांच्यामुळे.

या जाड वाडग्यांना नाव काय पडलं माहितीय? 'कुरावांका'. ओसाका ते क्योतोजवळचं फुशिमी अशा योदो नदीतून प्रवासी होड्या चालायच्या. हिराकाता गावाशी आल्या की छोट्या होड्या त्यांना येऊन भिडायच्या आणि आतले विक्रेते चक्क शिवराळ भाषेत ओरडायचे, 'मेशी कुरावांका, साके कुरावांका', म्हणजे 'अरे ए, भात गिळणार की नाही, दारू ढोसणार की नाही'. तो माज त्यांचा हक्कच मानला जायचा, खुद्द शोगुन तोकुगावा इएयासुने दिला अशी दंतकथा आहे. हिरोशिगे या प्रसिद्ध चित्रकाराने या होड्यांचं चित्रही काढलंय, मोठ्या होडीतली माणसं वाकून वाडगे घेताहेत असं. आणि खाऊन झालं की हिशोब रिकाम्या वाडग्यांवरून व्हायचा.

टिकोजीराव

म्हणजे कुल्फीवाला काड्या मोजतो तसं! मग लोक वाडगे पाण्यात टाकत असणार, मी तर टाकलेच असते.

ठिकरीबहाद्दर

अगदी तीच गोष्ट सांगतात, बिल कमी यावं म्हणून वाडगा हळूच नदीत सोडायचा. योदोच्या पात्रात असे वाडगे सापडलेत. सगळे लबाडीनेच गेले की काही धुताना निसटले ते नदीला माहीत. बुड जाड आणि जड असल्याने हलत्या होडीत कलंडत नसत असंही म्हणतात, पण मला वाटतं जाडी स्वस्ताईची आहे, पातळ करायला वेळ आणि हात लागतो.

तर मुद्दा हा की या भांड्यांत छापणं हा नंतर आलेला भ्रष्टाचार नाहीये. एदो काळातल्या वाडग्याच्या मध्यभागी पाच पाकळ्यांचं फूल असतं तेसुद्धा बऱ्याचदा ठसा मारलेलं, त्याला 'कोन्याकू इनबान' म्हणतात, ते थुलथुलीत कोन्याकू खाता ना ताई तिथे, तेच. कातागामीसुद्धा १७०० च्या आसपास एकदा येऊन गेलं होतं, मग मागे पडलं, मेजीत परत आलं. हाताने रंगवलेलं असलं तरी एकच माणूस एकच वेल दिवसभर शेकडो वाडग्यांवर ओढायचा, त्याचा हात छाप्यासारखाच चालायचा. आरिताच्या चांगल्या कारखान्यांतही एक जण नुसत्या रेघा काढणार, दुसरी बाई जाड ब्रशने आतला रंग भरणार. खिडकीशी बसून एक एक पान रंगवणारी बाई होतीच ताई, फक्त तिच्यापुढे एक नाही, फळीभर ताटल्या असायच्या.

पोहे_विथ_चहा

दादा!!!! हिराकाता!!! अहो मी हिराकातालाच राहते. 'ओसाका-क्योतोच्या अधेमधे' म्हणाले ते हेच, म्हटलं कोणाला नाव माहीत असणार. केइहान लाइनचं स्टेशन, रोज भाजी आणायला जाते. इथे दुकानांच्या पाट्यांवर कुरावांका कुरावांका लिहिलेलं असतं, मला वाटलं एखाद्या मिठाईचं नाव असेल. दोन वर्षं मी 'गिळणार का' असं लिहिलेल्या पाटीखालून जातेय.

नवऱ्याला वाचून दाखवलं. रात्री ताट वाढताना मीच म्हटलं, मेशी कुरावांका. आता भंगार म्हणत नाही तो.

गंधाली_प

हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे आजी रोज हेच म्हणायची, फक्त मराठीत.

सोलापूरकर आबा

उत्तम धागा. माझा आयुष्यभर कापड रंगाईचा धंदा होता म्हणून एक भर घालतो. तो कागदाचा छापा मुळात कुंभारांचा नव्हेच, कापडवाल्यांचा आहे. इसे प्रांतात, हल्लीच्या मिए जिल्ह्यात, किमोनोवर नक्षी उठवायला हे कागद कापत. हातकागदाचे थर एकमेकांवर चिकटवायचे, कच्च्या पर्सिमनच्या तुरट रसाने, म्हणजे कागद चामड्यासारखा चिवट होतो, पाण्याने गळत नाही. मग बारीक हत्याराने भोकं पाडायची. आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याने तसा एक कागद आणला होता, उजेडात धरला की डोळे फिरायचे इतकी बारीक जाळी.

ठिकरीबहाद्दर, पण मला वाटतं फोटोतल्या पाचपैकी एक ताटली वेगळी आहे. तिसऱ्या फोटोत उजवीकडची. तिची रेघ तुटक नाही, सलग आहे, आणि सावली दाखवायला बारीक बारीक समांतर रेषा आहेत, नोटेवर असतात तशा. ती कागदी छाप्याने होणार नाही.

ठिकरीबहाद्दर

आबा, दंडवत. ही माझ्या नजरेतून सुटली होती. ती ताम्रपटाची आहे, दोबान. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, त्यात शाई भरून पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो कागद भाजलेल्या कोऱ्या भांड्यावर उलटा चिकटवून घासायचा आणि सोलून काढायचा, वर झिलई. मेजीच्या वीस-पंचवीस वर्षांनंतर, म्हणजे १८९० च्या आसपासपासून, यानेच कातागामीला बाजूला सारलं. म्हणजे ताईंचा सेट जमवलेला सेट आहे, चार आणि एक. आजोबांनी पाच पुरे केले.

खडूस मांजर

मी सांगितलं होतं :)

सोलापूरकर आबा

अवांतर: ताम्रपटावरून आठवलं, आपल्याकडे नाना फडणविसांनी गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं मनावर घेतलं होतं, ते काम पुढे मिरजेला पटवर्धनांकडे १८०५ मध्ये झालं. तंत्र तेच, अक्षर उलटं कोरा आणि दाबा. त्यांनी गीता छापली, जपान्यांनी कोशिंबिरीची ताटली.

दुर्बीण

चर्चा छान चाललीय पण एक गोष्ट राहून जातेय. '१६१६ च्या सुमारास पोर्सेलिन सुरू झालं' एवढंच म्हणणं अर्धवट आहे. ते सुरू करणारे कोरियन होते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ आणि १५९७ मध्ये कोरियावर स्वारी केली, परतताना सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. री साम्पेई, कोरियन नाव यी साम-प्योंग, त्याला आरिताजवळ इझुमियामाच्या डोंगरात पोर्सेलिनचा दगड सापडला असं मानतात. हो, दगड. माती नाही, दगड कुटून त्याचा लगदा करतात. आज तो डोंगर खणून खणून पोखरून गेलाय, वाडग्यासारखाच दिसतो. गावात त्याचं स्मारक आहे, खालच्या देवळाचं तोरी द्वारही पोर्सेलिनचं, पांढऱ्यावर निळी वेल. पण स्मारक झालं म्हणून धरून आणलेला माणूस मर्जीने आला होता असं होत नाही. हासामीचीही सुरुवात तशीच.

ठिकरीबहाद्दर

१००% सहमत, माझ्याकडून राहिलं. आरितात फिरताना भिंती बघाल तर त्याही जुन्या भट्ट्यांच्या विटांच्या, झिलई ओघळलेल्या. सागाच्या क्युशू सिरॅमिक म्युझियममध्ये शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून जास्त नगांचा संग्रह आहे. तिथे ही सगळी वाट क्रमाने बघता येते, आणि त्यात निव्वळ शोभेच्या वस्तू कमी, जेवायची भांडी भरपूर. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, त्या बघाच, पण तो दिवाणखान्यातला माल. ताईंनी आणलाय तो स्वयंपाकघरातला.

मडगांवकार

आमच्या मडगावच्या जुन्या घरात आजीच्या शोकेसमध्ये निळ्या-पांढऱ्या कपबश्या आहेत, खाली 'मेड इन जपान'. बाल्कनीच्या भिंतीला उठावाच्या नक्षीच्या रंगीत टाइल्स आहेत त्याही जपानच्याच. ह्या पण इमारी काय? विकूंक ना, उगीच विचारतां.

ठिकरीबहाद्दर

बाब, तो वेगळा पण मजेशीर माल. १८९१ पासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव लागायचं म्हणून बुडाला 'निप्पॉन' यायला लागलं, १९२१ नंतर 'जपान'. म्हणजे बुडाला इंग्रजी असेल तर तो परदेशी पाठवायला बनवलेला. जपानी घरातल्या ताटलीच्या बुडाला इंग्रजी कशाला असेल? ताईंच्या पाचही कोऱ्या आहेत ते म्हणूनच. तुमच्या टाइल्स १९२०-३० च्या दरम्यानच्या असणार, तेव्हा भारतात त्या खूप आल्या. जपानची बोट कंपनी आणि जमशेटजी टाटा यांनी १८९३ मध्ये मुंबई-कोबे बोट सुरू केली ती कापसासाठी, पण बोटी रिकाम्या परतत नाहीत.

आणि कधी बुडाला एखादं चिनी अक्षर आणि पुढे आकडा दिसला, उदाहरणार्थ गिफू जिल्ह्याचं 'गि' आणि ४२५, तर तो युद्धकाळातला माल. सरकारने उत्पादनावर नियंत्रण आणलं आणि कारखान्यांना नंबर दिले. धातू सगळा तोफांना गेला होता, त्यामुळे मातीची बटणं झाली, मातीच्या इस्त्र्या झाल्या, शेवटी शेवटी मातीचे हातबाँबसुद्धा. बाजारात ते गोल बाँबही मिळतात, लोक त्यात फुलं ठेवतात. मला ते घरात आणवत नाही.

गंधाली_प

ताईंचा मूळ प्रश्न राहिलाच की, यात जेवायचं का? आणि टवक्याला सोनं लावून घ्या ना, किन्त्सुगी!

ठिकरीबहाद्दर

जेवा, बिनघोर. निळा रंग झिलईच्या खाली आहे आणि १३०० अंशांच्या आसपास भाजलेला, तो अन्नात उतरत नाही. वरून लाल-सोनेरी काम असेल तर मायक्रोवेव्ह नको, ठिणग्या उडतील. घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायची, टण्ण वाजली तर ठणठणीत, बद्द वाजली तर कुठेतरी केसासारखा तडा आहे. तडकलेल्या ताटलीत गरम आमटी ओतू नका. आणि घासताना काथ्या नको.

किन्त्सुगीबद्दल, माफ करा, पण हल्ली प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये ते सोनं बघून बघून मला वीट आलाय. पाच पैशाच्या वाडग्याला सोनं कोण लावणार? रोजच्या भांड्याला होतं याकित्सुगी. शिशाच्या काचेची पूड करून तुकडे जोडायचे आणि परत भाजायचं, साधारण १७९० नंतर हा धंदा फोफावला. दुरुस्तीवाला गल्लोगल्ली हिंडायचा. आपला कल्हईवाला आठवा, दारात भाता लावून बसायचा तो, तसा. भांडी गोळा केली की कुठलं कोणाचं कळावं म्हणून बुडाला लाल रंगाने खूण लिहायचा. अशी लाल अक्षरं आणि काचेची ओघळलेली शिवण दिसली तर घ्या जरूर, पण त्यात खाऊ नका, शिसं आहे.

टिकोजीराव

कल्हईवाल्याच्या आठवणीने गलबललो. आमच्या वाड्यात यायचा तेव्हा नवसागराचा धूर आणि आम्ही पोरं खोकत खोकत तिथेच.

पोहे_विथ_चहा

आठवडाभर गायब होते, आता सविस्तर लिहिते.

शनिवारी आम्ही दोघं इथल्या कागिया म्युझियममध्ये गेलो, पूर्वी होडीची वाट बघणाऱ्यांची खानावळ होती, घरापासून चालत वीस मिनिटं. तिथे कुरावांकाचे वाडगे आहेत काचेत. एक वाडगा होता त्यावर वेल इतकी घाईत ओढलीय की पान कुठे संपतं आणि देठ कुठे सुरू होतो कळत नाही, तीन फटक्यांत काम तमाम. मी बराच वेळ तिथेच उभी. काउंटरवरच्या काकूंना मोडक्या जपानीत ती आरोळी म्हणून दाखवली तर त्या इतक्या हसल्या, मग त्यांनी नीट हेल काढून म्हणून दाखवली, 'कुरावांकाआ' असं शेवटी ओढून.

घरी येऊन पाचही ताटल्या ओळीने मांडल्या आणि दादा, तुमचं वाचून छाप्याच्या कागदाचे सांधे शोधत बसले. पहिलीत वेल वेलीवर बोटभर चढलाय. दुसरीत चढलेला नाही, उलट फट राहिलीय आणि ती कोणीतरी ब्रशने दोन रेघा मारून बुजवलीय! तिसरीत प्लमच्या फुलाला चुणी. चौथी जवळजवळ बिनचूक आणि म्हणून जरा कंटाळवाणी. पाचवी ती ताम्रपटाची, तिच्यात कागदाचा कोपरा फाटलेला दिसतो, त्रिकोणी पांढरा तुकडा, तसाच भाजलाय. आणि दुसरीच्या पाठीमागे, बुडाच्या कडेजवळ, निळा अंगठा आहे. खरंच अंगठा, रेषा दिसतात. माझ्या अंगठ्यापेक्षा लहान आहे. फोटो टाकलाय, यावेळी हललेला नाही.

सोलापूरकर आबा

अंगठा बघितला. लहान आहे म्हणजे बाई असेल किंवा पोर. भट्टीत माती आकसते हेही धरा, म्हणजे मूळचा याहून थोडा मोठा. तरी लहानच.

खडूस मांजर

बरं, प्लास्टिकची डिश हा शब्द मागे घेतो. अंगठ्याचा फोटो जरा मोठा करून टाका.

पोहे_विथ_चहा

टाकते. परवा त्यात काकडीची कोशिंबीर केली होती, दाण्याचं कूट घालून, त्याचाही टाकते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाल्या ताटल्या चांगल्या आहेत पण पाच का, सहावा पाहुणा आला तर काय करशील.

तर येत्या २१ तारखेला परत तोजीला जातेय, सहावी शोधायला. सकाळी ६ ला पोचायचं म्हणतात, नंतर चांगला माल संपतो. जवळपास कोणी आहे का?

मडगांवकार

माझा भाचा कोबेला आहे, त्याला पाठवतां. भाव मात्र त्याला करू देऊ नका, तो मागतील तेवढे देतो.

ठिकरीबहाद्दर

त्या आजोबांशी भाव करू नका, ५०० येन ठीक आहे. फक्त ढिगाच्या तळाशी हात घाला, वरच्या वर सगळे बघतात. आणि टिचकी मारायला विसरू नका.